'सर्वोत्तम बारा'मधलं नववं गाणं

ज्यांची तीनच गाणी लोकांना धड माहीत आहेत, त्यांनी 'सर्वोत्तम बारा' नावाचा अल्बम काढावा, याला निर्लज्जपणा म्हणतात. आमच्या बँडने तो काढला. आमच्या म्हणजे, पुण्यात कॉलेजात असताना चौघांनी सुरू केलेल्या, आणि मी नोकरीसाठी चेन्नईला आल्यावर उरलेल्या तिघांनी चालवलेल्या बँडने. मी वाजवत काहीच नव्हतो, गाणी लिहायचो. इथे आल्यावरही दोनेक वर्षं लिहून पाठवत होतो. मग त्यांना 'ओ ओ ओ' सापडलं. कडव्याच्या जागी ओ ओ ओ म्हटलं की श्रोतेही बरोबर म्हणतात, आणि कवीला फोन करावा लागत नाही.

अल्बम कुरिअरने आला. तोही तबकडीवर. हल्ली काळ्या तबकड्यांची पुन्हा फॅशन आली आहे म्हणे. या तिघांनी आयुष्यात एकदाही तबकडी वाजवलेली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. वेस्ट मांबलममधल्या माझ्या दोन खोल्यांत ती वाजवायचं यंत्र नाही, त्यामुळे मी गाणी फोनवर ऐकली, कारखान्याच्या बसमध्ये, सकाळच्या गर्दीत. पहिलं गाणं आमचं सगळ्यात गाजलेलं. चौथं तेच, पण हळू. सातवं पुन्हा तेच, पण धडधडतं. अकरावं एका साडीच्या दुकानाची जाहिरात होती. ती यांच्या सर्वोत्तमांत कशी आली, हे त्या दुकानालाही कळलं नसेल.

मुखपृष्ठावर तिघं समुद्राकडे बघत उभे आहेत. चुरगळलेले लिननचे कुर्ते, गंभीर चेहरे, जणू लाटा यांना विचारून येतात. मागच्या बाजूला गॅदरिंगमधला जुना फोटो छापलाय. त्यात मी होतो. आता माझं कोपर आहे.

कोपराचंही मला काही वाटलं नसतं. पण नववं गाणं माझं होतं. बँडने ज्या तीन गाण्यांवर आजवर दिवस काढले, त्यांतलं एक. तुम्ही एखाद्या लग्नाच्या संगीताला गेला असाल तर ते ऐकलंच असेल:

भात निवला, सार निवलं, चूलसुद्धा निवली,
मीच तेवढी ऊन.

याच्यावर नवरीच्या मैत्रिणी घागरे सावरत नाचतात. ऊन म्हणजे गरम, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसावं, कारण त्या ओळीला सगळ्याजणी आकाशाकडे बोट दाखवतात. असो. गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा त्याखाली माझं नाव होतं. आता छापलं होतं, 'शब्द: पारंपरिक'.

मी त्या दिवशी जेवलो नाही. आयुष्यात माझं म्हणावं असं एकच काम, तेही लोकांच्या ओठांवर, आणि त्यावरून माझं नाव पुसलं. मी गायकाला फोन केला. त्याने आधी मला 'ब्रो' म्हटलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस! मग म्हणाला, "अरे, शब्द इतके जुने वाटतात ना, टीमला वाटलं लोकगीतच असणार. काँप्लिमेंट समज." मी त्याला ऐकवायचं ते ऐकवलं. तो म्हणाला, "चिडू नकोस. पुढच्या छपाईत बदलू. फक्त लेखी काहीतरी पाठव, म्हणजे तूच लिहिलंस असं कुणीतरी सांगणारं. कंपनीला कागद लागतो." ज्याला मी ते गाणं पत्राने पाठवलं होतं, तोच माझ्याकडे पुरावा मागत होता.

कागद म्हटल्यावर मला मामीच आठवल्या. मामी म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, तंजावरच्या मराठी घरातल्या. खाली राहतात. यजमान मी यायच्या आधीच वारले. एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत मामींनी जन्मभर कारकुनी केली, आणि निवृत्तीनंतर अख्ख्या इमारतीची पत्रं त्याच लिहितात. पाणी येत नाही, लिफ्ट अडकते, झाडाची फांदी तारेवर आली, काहीही असो; मामींचं इंग्रजी पत्र गेलं की दोन दिवसांत माणूस येतो. गाणं लिहिलं तेव्हा मी त्यांच्याच घरात, आजच्याच खोल्यांत राहत होतो. याहून भरवशाचा साक्षीदार कुठला?

शनिवारी सकाळी मी खाली गेलो. मामींनी चष्मा लावला, रेघांचा कागद काढला, तारीख टाकली आणि 'रिस्पेक्टेड सर' लिहून स्वल्पविराम दिला. मी सांगू लागलो, की अमुक गाणं मी या घरात लिहिताना आपण पाहिलं आहे, एवढंच लिहा. त्यांनी पेन उचललं.

"कुठलं गाणं?"

"आहे एक. तुम्हाला नाही आवडणार मामी, फार गोंगाट आहे त्यात."

"आवडायचा प्रश्न नाही पा. वाचल्याबिगर, बघितल्याबिगर मी सही करत नाही. ऑफिसात अस्की वर्षं तेच केली. लाव." अस्की म्हणजे सगळी.

ही त्यांची पद्धत मला माहीत होती. सोसायटीच्या टाकीबद्दल लिहायचं तर त्या सत्तरीत जिना चढून टाकी बघून येतात. आणि तरी इतक्या वर्षांत मी त्यांना हे गाणं एकदाही ऐकवलं नव्हतं. गोंगाटाचं कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की ते मला खरंच वाटत होतं. मी फोन टेबलावर ठेवला.

ढोल झाला, गिटार झालं, ओ ओ ओ झालं. मामी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. पहिली ओळ आली आणि आठ्या गेल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "हे तर माझं!"

त्या हसायला लागल्या. त्यांचे यजमान जॉर्ज टाउनमध्ये एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे होते, आणि संध्याकाळी घरी यायचं सोडून कुठे कुठे फुकटच्या कचेऱ्या ऐकत बसायचे. कचेरी म्हणजे इथे गाण्याची बैठक. ते आले की मामी ताट वाढताना ह्या ओळी म्हणायच्या, स्वतःच जुळवलेल्या, शेजाऱ्यांना ऐकू जातील एवढ्या मोठ्याने. "आणि तुलाही म्हणत होते की रे. तू कारखान्यातून उशिरा येत होतास, मी भात गरम करून देत होते. तू हसत होतास. ठावं नाही तुला?"

ठावं होतं. मी घास घेत ऐकलं होतं, वर जाऊन लिहून काढलं होतं, आणि पुढे दोन कडवी जोडली होती. ती कडवी आज कुणाला पाठ नाहीत. नाचतात ते मामींच्या ओळीवर.

मामींना राग आलेला नव्हता. त्यांना गंमत वाटत होती, की आपला राग ढोलाबरोबर इतका चांगला वाजतो. मग त्यांना पत्र आठवलं.

"आता तेनी काय छापलंय?"

"पारंपरिक. म्हणजे कुणी केलं ते माहीत नाही, पूर्वीपासून चालत आलंय."

"मग तेंची काय चूक? तेंला माझं नाव कसं ठावं असणार?" त्यांनी पेन कागदावर टेकवलं. एक शब्द लिहिण्याआधी सगळं विचारून घ्यायची जन्मभराची सवय. "पहिल्यांदा छापलं तेव्हा कुणाचं नाव होतं?"

"माझं," मी म्हणालो.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तूच लिही," त्या म्हणाल्या. "हे मला येणार नाही."

तो कागद वर माझ्या टेबलावर आहे. तारीख, 'रिस्पेक्टेड सर', स्वल्पविराम. त्यापुढे मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. गायकाचा दोनदा मेसेज येऊन गेला, छपाई थांबवली आहे, लवकर पाठव. भाडं द्यायला मी हल्ली खाली जात नाही, फोनवरून पाठवतो.