दोन मुठी

ती संध्याकाळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो, निवृत्ती तोंडावर आली होती. दिवसपाळीचे लोक घरी निघायच्या बेतात असताना नियंत्रण कक्षाचा निरोप आला: एका सोसायटीबाहेर मुलं पळवणारा पकडलाय, लोक मारताहेत.

आम्ही पोचलो तेव्हा सत्तरीचा एक म्हातारा फाटकासमोर पडला होता. डोकं फुटलेलं, कानातून रक्त. सोसायटीतल्या एका बाईच्या कडेवर दोनेक वर्षांची मुलगी रडून लाल झाली होती. आणि मारणारे कोण? गुंड? छे! गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात भाजीची पिशवी, अशी चांगल्या घरची माणसं. पोलिसांचं काम आपणच करून टाकलं, अशा थाटात उभी होती. एकाने मला बजावलं की याच्या मुठीत गुंगीची पूड आहे, जपून हात लावा. म्हातारा ग्लानीत होता, पण उजवी मूठ त्याने सोडली नव्हती.

त्याला पालिकेच्या रुग्णालयात हलवलं आणि मुलीला महिला शिपायाबरोबर ठाण्यात आणलं. मेंदूला सूज आहे, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे गुन्हा मारहाणीचा राहणार की खुनाचा होणार, हे त्या म्हाताऱ्याच्या श्वासावर ठरणार होतं.

रुग्णालयात मूठ उघडली तेव्हा तिथे ठेवलेल्या आमच्या शिपायाने आतला ऐवज पंचांसमोर कागदात बांधून आणला. मी पुडी उलगडली आणि कपाळावर हात मारला. खडेमीठ, मोहरी, दोन सुक्या मिरच्या! माझी आईसुद्धा हेच करायची. पोर किरकिरं झालं की तिन्हीसांजेला दृष्ट काढायची आणि ते मीठ-मोहरी चौकात नेऊन टाकायचं. मात्र जाता-येता कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. बोललं तर काढलेली दृष्ट परत येते, असं मानतात.

तेवढ्यात एक तरुण बाई धापा टाकत ठाण्यात आली. मरोळला नोकरीला होती. घरी आली तर दाराला कुलूप, सासरे नाहीत, मुलगी नाही. तिला बघताच मुलीने महिला शिपायाच्या कडेवरून झेपच घेतली. सासरे जुने गिरणी कामगार, गिरणी बंद पडल्यावर सिंधुदुर्गात गावी गेलेले. नातीला सांभाळायला नुकतेच आले होते. मुंबई त्यांना नवी नव्हती, पण त्या नव्या इमारतीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. घरात दुसरं कोणी नाही, मग पोरीला एकटं कुठे ठेवणार? कडेवर घेऊनच ते चौकाकडे निघाले होते.

आता चौकशी. रहिवाशांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाचं उत्तर एकच, मी नंतर आलो, साहेब. सगळेच नंतर आले, मग आधी कोण होतं? कॅमेऱ्यात नुसत्या पाठी दिसत होत्या. मी मारण्याबद्दल विचारणं बंद केलं आणि तुम्हाला कळलं कसं, एवढंच विचारायला लागलो. त्यावर मात्र सगळे भडाभडा बोलले. कुणीतरी गॅलरीतून म्हाताऱ्याचा पाठमोरा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, अनोळखी माणूस रडणारं पोर नेतोय म्हणून. तो फोटो चार मजले उतरेपर्यंत म्हाताऱ्याची टोळी झाली होती आणि मुठीत गुंगीची पूड आली होती.

मी जबाब घेताना चेहऱ्यापेक्षा हात जास्त बघतो. एका हिशेबनीसाचा उजवा अंगठा सुजून काळानिळा झाला होता. दारात सापडला म्हणाला. नोकरीत मी सराईत मारामारी करणारे पुष्कळ पाहिले, त्यांचे अंगठे असे मोडत नाहीत. ज्याने जन्मात कुणाला मारलेलं नसतं, तोच अंगठा मुठीच्या आत दाबून ठोसा मारतो. मी त्याला तसं सांगितलं आणि मूठ वळून दाखव म्हणालो. त्याने हाताकडे पाहिलं आणि खुर्चीतच ढासळला.

"साहेब, आजवर कुणाला बोट लावलं नाही मी," तो म्हणाला. "रोज फोनवर हेच बघतो, कुठे पोर पळवलं, कुठे गळा कापला. दिवस किती वाईट आलेत. मी विचारलं ना त्याला, कुणाची मुलगी म्हणून. तो मागे वळूनसुद्धा बघेना. मग माझा हात उठला."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. अटक केलीच.

म्हातारा वाचला, एक कान मात्र कायमचा गेला. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी आधी मलाच विचारलं, "चेडवाक खंय लागला नाय मां?" नात सुखरूप आहे म्हटल्यावर डोळे मिटले. मी म्हटलं, आजोबा, एक शब्द बोलला असता तर हा मार चुकला असता.

"बोलूचा नसता, सायबा. नातीची दिष्ट होती मां."

पुढे सोसायटीची मंडळी फळांच्या करंड्या घेऊन ठाण्यात आली. चांगल्या घरची माणसं आहेत, मिटवून टाका म्हणाली. मी करंड्या परत पाठवल्या आणि दोषारोपपत्र दाखल केलं.

समाज जास्त हिंसक झालाय का, असं मला लोक विचारतात. जुन्या दिवसांत याच घाटकोपरमध्ये भरदिवसा तलवारी चालताना मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हो म्हणायला जीभ वळत नाही. पण तेव्हा घाबरलेला माणूस दार लावून घरात बसायचा. आता तो चप्पल घालून खाली येतो. आकडे काय सांगतात ते सांगोत, मला तरी या बदलाची धास्ती वाटते.

गावी परत जाण्याआधी म्हातारा निरोप घ्यायला ठाण्यात आला, नात कडेवर. त्या संध्याकाळी जिने मुलीला सांभाळलं होतं, ती महिला शिपाई कौतुकाने पुढे झाली आणि तिला घ्यायला तिने हात पसरले. मुलगी हसून तिच्याकडे झेपावली. म्हाताऱ्याने नातीला छातीशी आवळलं आणि तो दोन पावलं मागे सरला.