मागच्या ब्रेकचा नट

मोटारसायकल चालवणं मी सोडलं ते काही माझ्या मर्जीनं नाही. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी ऑफिसला निघालो होतो, तेव्हा जिन्यातच सगळं गरगर फिरलं आणि मी कठड्याला धरून पायरीवर बसलो. कानाच्या आतला दोष निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दिले आणि म्हणाले, "दुचाकी मात्र आता नको." चक्कर महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच यायची, पण सांगून येत नव्हती.

गाडी होती साडेतीनशे सीसीची, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली. दोन्ही बाजूंना बॅगा लावून मी आणि बायको तिच्यावरून सगळं कोकण, गोवा, एकदा तर पार गोकर्णापर्यंत फिरून आलो होतो. गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो तेव्हा टेम्पोत सामान आणि पुढे गाडीवर आम्ही दोघं, असे आलो. आता ती विकायची म्हटल्यावर बायको एवढंच म्हणाली, "विकू नका. मी शिकते."

ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ. पण रोज सकाळी जवळच्या मुर्धा गावाच्या रस्त्यावर मी फुटपाथवर उभा आणि ती गाडीवर, असं दोन महिने चाललं. दोनदा पडली, एकदा गुडघा चांगलाच फुटला. तिसऱ्या महिन्यात तिनं लायसन्स काढलं.

चालवणं तिच्याकडे गेलं, पण गाडीचं काम मी सोडलं नाही. ऑइल बदलणं, चेन ताणणं, कार्ब्युरेटर साफ करणं, ब्रेकचे लायनर बदलणं, सगळं मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून करायचो. गॅरेजवाल्याला हात लावू दिला नाही. तिलाही नाही. एकदा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला पण दाखवा ना." मी म्हणालो, "तू फक्त चालव. मधे मधे हात आला की माझं लक्ष जातं." आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते. खरं तर मला भीती होती. हेही तिला जमलं, तर त्या गाडीत माझं म्हणून काही उरणार नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिनं चिपळूणला बहिणीकडे जायचं ठरवलं, गाडीनं, एकटीनं. तोवर ती वसई, फार तर डहाणूपर्यंत एकटी गेली होती. निघायच्या आदल्या दुपारी मी मागचं चाक खोललं. ब्रेकचे लायनर झिजले होते, ते बदलले. चाक पुन्हा बसवताना दोन नट महत्त्वाचे असतात. एक चाकाच्या एक्सलचा. दुसरा छोटा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवते, त्या पट्टीचा तो नट. मागचा ब्रेक दाबला की सगळा ओढा त्या पट्टीवर येतो. ती सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकचा दांडा पिळवटून आत जातो आणि चाक जागच्या जागी जाम होतं. म्हणून दोन्ही नटांतून आरपार एकेक पिन घालून तिची टोकं दुमडायची असतात, म्हणजे नट सैल झाला तरी निसटत नाही. दोन्ही पिना मी नव्या आणल्या होत्या.

पट्टीचा नट मी बोटांनी फिरवून लावला. आधी चेन सरळ करून घ्यावी, मग पान्यानं आवळावा, असा विचार होता. तेवढ्यात वॉचमन आला. "अंकल, गाडी थोडा साइड में लो ना, टँकर आ रहा है." पाण्याचा टँकर मागे घेत घेत आत आला, मी गाडी ढकलत भिंतीशी नेली, सामान उचललं. टँकर गेल्यावर परत बसलो, चेन सरळ केली, एक्सलचा नट आवळला, पिन घातली, दुमडली. हात पुसले. दरवेळी दुरुस्तीनंतर ती मुर्ध्यापर्यंत एक चक्कर मारून यायची. त्या दिवशी तिची बांधाबांध चालली होती. "उद्या जातेच आहे की," म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

पहाटे साडेपाचला ती निघाली. पेणच्या आसपास नाश्त्याला थांबेन, तिथून फोन करेन, असं ठरलं होतं. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा आमचा जुना नियम. फोन आवाज बंद करून टाकीवरच्या पिशवीत.

सव्वासात वाजता मी पार्किंगमध्ये राहिलेलं सामान आवरायला गेलो. वर्तमानपत्र गोळा केलं, पाने हत्यारांच्या पेटीत टाकले. ग्रीसच्या डबीच्या झाकणात छोटी पिन पडलेली होती. नवी कोरी. टोकं सरळ.

पहिल्यांदा वाटलं, जुनी असेल. उचलून पाहिली. जुनी काढताना वाकते, गंजलेली असते. ही चकचकीत होती. मग मी नट आवळला होता का, ते आठवायला लागलो. टँकर आठवला, वॉचमन आठवला, चेन आठवली. चौदाचा पाना हातात घेतल्याचं काही केल्या आठवेना. मी डोळे मिटून भिंतीला टेकलो आणि आदली दुपार पहिल्यापासून पुन्हा चालवून पाहिली. प्रत्येक वेळी टँकर आत आला की माझे हात रिकामेच.

फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. मेसेज टाकला, "मागचा ब्रेक दाबू नकोस. थांब. लगेच फोन कर." तो पाठवला आणि कळलं की ती थांबल्याशिवाय वाचणार नाही, आणि थांबायला ती ब्रेकच दाबणार. घोडबंदर रोडचा गायमुखचा उतार तिनं केव्हाच पार केला असणार. तिथे ट्रकच्या मागे किती वेळा पाय ब्रेकवर गेला असेल?

तळमजल्यावर एक गुजराती शेजारी राहतात. बाजारात भांड्यांचं दुकान, साठीच्या पुढचे. पार्किंगमध्ये पडणाऱ्या ऑइलच्या डागांवरून त्यांनी माझ्याविरुद्ध सोसायटीत दोनदा लेखी तक्रार केली होती. आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. पण कार काढून लगेच निघू शकेल असा त्या क्षणी दुसरा कोणी मला सुचला नाही. बेल वाजवली. ते बनियनवर, हातात चहाचा कप घेऊन दार उघडायला आले.

"मेरी मिसेस बाइक पे निकली है, चिपळूण," मी म्हणालो. "मैंने कल ब्रेक का काम किया, एक नट ठीक से नहीं लगाया शायद. वो फोन नहीं उठा रही."

त्यांनी माझ्या हातातल्या पिनेकडे पाहिलं. मग आत वळून गुजरातीत बायकोला काहीतरी सांगितलं, शर्ट चढवला, किल्ली घेतली. "चलो," म्हणाले. बस.

काशीमिऱ्यापर्यंत पोचलो. मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होतो. गायमुखच्या अलीकडे गाड्या उभ्याच. पुढे एक ट्रेलर बंद पडला होता. मला वाटलं, ट्रेलर नसेल, अपघात असेल. दार उघडून पुढे पळायला निघालो तर शेजाऱ्यांनी दंड धरला. "वो आधे घंटे में इधर से निकल गई होगी. वो इधर नहीं है. बैठो." मी बसलो. त्याच वेळी चक्कर आली. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती एका बाजूला सरकत राहिली, सरकत राहिली. मी त्यांना सांगितलं नाही. डोळे मिटून खिडकीवरचं हँडल घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, आत्ता नको, बाकी कधीही ये.

आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. तिचा.

"अहो, सत्तावीस मिस्ड कॉल? काय झालंय? आईंना काही—"

आणि मी ओरडलो. "फोन का उचलत नाहीस? माणूस इथे मरतोय! एकदा तरी बघायचा ना!" काय काय बोललो ते मला पुरतं आठवतही नाही. शेजाऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पहले पूछो, ठीक है ना."

"तू ठीक आहेस ना?" मी विचारलं.

"ठीक आहे. पेणच्या अलीकडे चहाच्या टपरीवर आहे. तुम्ही ओरडताय का?"

"मागचा ब्रेक..."

"हो, तेच तुम्हाला विचारणार होते. पाचेक किलोमीटरपासून ब्रेक दाबला की टक् असा आवाज येतोय. आधी नव्हता कधी. म्हणून मी मागचा ब्रेक सोडलाच, पुढच्यावरच हळूहळू आले आणि टपरी दिसल्यावर थांबले."

त्या सीटवर मागे बसून इतकी वर्षं तिनं काय काय ऐकलं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

व्हिडिओ कॉल लावला. तिला म्हटलं, चेनच्या दुसऱ्या बाजूला जा, चाकाच्या मधोमध गोल प्लेट आहे, तिच्यापासून एक पट्टी पुढे जाते. पडद्यावर आधी तिची चप्पल दिसली, मग डांबर, मग धुळीनं माखलेलं चाक.

"पट्टी सापडली. आता?"

"तिच्या टोकाला नट आहे. हातानं हलव."

थोडा वेळ गेला. "इथे नट नाहीये."

"नीट बघ."

"अहो, नाहीये नट. नुसता बोल्ट आहे. तोही अर्धा बाहेर आलाय. हातानं निघेल असा."

कॅमेरा जवळ गेला आणि मी तो बोल्ट पाहिला. अजून दहा-पंधरा वेळा ब्रेक दाबला असता तर तो रस्त्यावर पडला असता.

"तिथेच थांब. आम्ही येतोय. दोन तास लागतील."

"आम्ही म्हणजे?"

मी सांगितलं. तिनं रस्त्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "येऊ नका. समोर ट्रकचं पंक्चर काढणारा आहे. त्याच्याकडे नट असेल."

"त्याला फोन दे, मी समजावतो."

"मी बोलतेय ना."

फोन तिनं टाकीवर ठेवला असावा. मला फक्त आभाळ दिसत होतं आणि तिचं हिंदी ऐकू येत होतं. म्हातारा आवाज होता त्या माणसाचा. डब्यात नट धुंडाळल्याचा खळखळाट. एक मोठा निघाला, एकाचे आटे बसेनात. तिसरा बसला. पाना तिनंच फिरवला, कारण मधेच तो म्हणाला, "और ज़ोर से, मैडम, और." पिन त्याच्याकडे नव्हती. मी इथून ओरडून सांगितलं, बोल्टच्या भोकातून तार ओवून दोनदा पिळा. तसं केलं. मग तिनं मला तार दाखवली, नट दाखवला, पट्टी हातानं ओढून दाखवली.

"आता परत ये," मी म्हणालो.

"नाही. मी पुढे जातेय."

"अगं, तारेवर..."

"पेणमध्ये पिन घालून घेते. फोटो पाठवते. आता ठेवते, आणि पुन्हा फोन करत बसू नका."

साडेनऊला पेणच्या एका गॅरेजमधून फोटो आला. दुमडलेली पिन. खाली एक शब्द नाही. दुपारी बहिणीचा मेसेज आला, पोचली. शेजाऱ्यांनी मला तोवर घरी आणून सोडलं होतं. जिन्यापाशी ते एवढंच म्हणाले, "आदमी से होता है." डागांचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. पुढच्या मीटिंगला मात्र काढला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, हातपाय धुतले, पोहे खाल्ले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "नटाचं मला काही वाटलं नाही. चूक होते. पण मी जिवंत आहे की नाही ते विचारायच्या आधी तुम्ही माझ्यावर ओरडलात. रस्त्यात, परक्या माणसांसमोर. ते मला लागलं."

मी म्हणालो, "मी घाबरलो होतो."

"मग तसं म्हणायचं."

गॅरेजला देऊ यापुढे गाडी, असं मीच पुटपुटलो. ती बशीतले शेंगदाणे वेचत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगितलं नाही मी. फोन ठेवल्यावर माझे हात असे थरथरत होते की चहाचा ग्लास धरवेना. त्या पंक्चरवाल्याच्या खाटेवर पाऊण तास बसून होते. दोनदा वाटलं, तुम्हाला बोलवावं, या म्हणावं."

"मग का नाही बोलावलंस?"

"त्या दिवशी परत आले असते ना, तर पुन्हा कधी बसले नसते त्या गाडीवर."

तिनं बशी उचलली आणि आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळानं आतून नळाचा आवाज बंद झाला आणि तिनं हाक मारली, बॅगा अजून खालीच आहेत, वर आणा म्हणून.