उघडी लादी

काळेवाडीतला आमचा बर्फवाला सायकलच्या कॅरियरवर लादी बांधून आणायचा. पिंपरीहून निघालेली लादी दारात येईपर्यंत झिजायची आणि त्यावरून रोज भांडण. मग एकदा त्यानं पेपरात वाचलं, की ध्रुवाकडच्या समुद्रातला बर्फ आता उपग्रह वरून बघतो. ढग असोत की अंधार, कुठं वाढला, कुठं आटला, सगळं टिपतो.

त्या दिवसापासून हा गडी लादीवर गोणपाट टाकीना. भर उन्हात लादी उघडी!

"अहो, झाकून आणा की!" मी ओरडायचो.

"ढगातून दिसतं त्याला. गोणपाटातून दिसतं असं न्हाई लिवलेलं," तो शांतपणे म्हणायचा. "निघताना अख्खी व्हती, त्यानं बघितलीय. आन् भाऊ, तिकडं एवढा बर्फ आटलेला बघतो तो, कुणाला शिव्या देतो का?"

कपाळ माझं! उरलेला तुकडा उचलून आम्ही घरात जायचो.

माझे वडील गेले तेव्हा थोरला भाऊ नागपूरहून निघाला होता. तो येईस्तोवर वडिलांना ठेवायचं म्हणून बर्फ सांगितला. हा माणूस काय आणून टाकतो, या धास्तीनं मी दारातच उभा होतो.

तो आला. लादीवर भुसा, भुशावर गोणपाट आणि गोणपाटावर त्याच्या अंगातला सदरा.

"आज झाकून?" मी विचारलं.

बनियनवरच्या त्या माणसानं एकदा आभाळाकडं पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "हा बर्फ त्यानं बघायचा न्हाई."