आकड्यांची कडी आणि ओला तांब्या

आधीच सांगतो, मी वडप्याला गोदामात सुपरवायझर आहे. माल आला, सही झाली, माल गेला... एवढ्यावरच माझा विश्वास. भुताचे किस्से मी डबा खाताना ऐकतो आणि हसतो. हे मात्र माझ्याच घरी, भर दुपारी घडलं.

जुनं घर पाडताना माळ्यावर एक लोखंडी कडी सापडली. तिला आठ-दहा आकडे लटकलेले, टोकं वर वळलेली. आमचा हमाल म्हणाला, "साब, गोश्त टांगने का होगा." गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर एकाने चक्क झुंबर ठरवलं! मी ती नव्या घराच्या पडवीत खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दिवशी जेवायला आलो तर कडी गायब — आणि खाली पितळी तांब्या. ओला, शेवाळाच्या वासाचा. पडवीचं दार आतून बंद होतं, असं बायको शपथेवर सांगत होती.

वज्रेश्वरीची आत्या आमच्याकडे आली होती. तिला फोटो दाखवला.

"अरं, यो त गल! बावीत घागर पडली का यानं काढाची."

गळ एखाद्याच घरी असायचा. न्यायला येणारा तांब्या गहाण ठेवायचा, गळ परत करून तांब्या न्यायचा.

"पन आता बाव हाय कुठं?"

खरंच. आमची विहीर मीच बुजवून जागा गोदामाला दिली. आता वर काँक्रीट आहे.

आत्याने तांब्यावरचं कोरलेलं नाव मला वाचायला लावलं. माझ्या आजीचं होतं! आत्या सहा वर्षांची असताना आजी एका पहाटे आजोबांशी भांडून घराबाहेर पडली, ती परत आलीच नाही. त्याच सुमारास विहिरीची एक बाजू ढासळली होती, पण ते कोणी जोडून पाहिलं नाही. पळाली, असं घरानं ठरवून टाकलं. 'पळालेलीची लेक' म्हणून आत्याने सासरी जन्मभर ऐकलं.

"सोताच्या घरात तांब्या ठेवून गेली रं," आत्या रडायला लागली. "परकी केली ना आपून तिला!"

आत्या तांब्यापासून हलेना, जेवेना. दुसऱ्या दुपारी मी तिला पाणी आणायला आत गेलो... मिनिटभरच. लोखंड खणखणलं. धावत आलो तर तांब्या नव्हता. खिळ्याला गळ, चिखलाने माखलेला — आणि एका आकड्यात चांदीचं जोडवं. आत्या समोरच बसलेली, पण तिलाही कोणी दिसलं नव्हतं.

तिने जोडवं पदराने पुसलं. "पलाली नव्हती माजी आय."

मी गोदामात जाऊन जमीन तपासली. साधा तडासुद्धा नाही. गळ कोणी नेला, कुठून नेला, मला आजही सांगता येत नाही. गेल्या रविवारी आम्ही आजीचं बारावं केलं. आत्याने सासरचे झाडून सगळे बोलावले, स्वतः वाढलं, आणि प्रत्येकाच्या पानासमोर थांबून ते जोडवं दाखवलं.