सात नंबरचा शिक्का

अकरा पाइप टेबलावर ओळीने मांडले होते आणि अकराही पाइपांवर सात नंबरचा शिक्का होता. सात नंबर म्हणजे पास्कलकाका.

वसई ईस्टच्या आमच्या युनिटमध्ये विमानाच्या इंधनाचे अ‍ॅल्युमिनियमचे पाइप बनतात. मी तिथे क्वालिटी मॅनेजर. आमच्याकडे प्रत्येक इन्स्पेक्टरचा स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो. तो दुसऱ्याने हातात घ्यायचा नाही. पाइपावर शिक्का उठला, म्हणजे तो माणूस सांगतो की हा मी पाहिलाय, चांगला आहे. जवळच्याच उमेळे गावचे पास्कलकाका बावीस वर्षं हेच सांगत आले होते.

त्यांची पद्धत जुनी. आधी बारीक नळीच्या दुर्बिणीने दोन्ही टोकांकडून आत बघायचं. वळणापलीकडे दुर्बीण पोचत नाही, तिथे पांढरा सुती कपडा दोरीला बांधून सावकाश ओढायचा. आत ओरखडा असला की कपड्याचा धागा अडतो. ओरखडा वाईट, कारण तडा तिथूनच सुरू होतो, आणि विमान काही रस्त्याच्या कडेला उभं करता येत नाही.

पण बंगळुरूच्या कस्टमरला व्हिडिओ हवा होता. म्हणून रोबोट आला. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, चार चाकांची गाडी. पुढे कॅमेरा, मागे केबल. ती पाइपाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते, मग केबलने ओढून परत आणायची. जाताना ती हिसके खाते, चित्र हलतं. येताना चित्र छान स्थिर. म्हणून रेकॉर्डिंग फक्त येतानाचं करायचं, असं प्रोसिजरमध्ये लिहिलं होतं. लिहिणारी मीच. त्या कागदाचं मला फार कौतुक होतं.

तर पहिल्याच महिन्यात काकांनी तपासलेल्या एका लॉटच्या अकराही पाइपांत केसासारखी बारीक रेघ दिसली. आमचे मालक, सावंतसाहेब, स्वतः खाली आले.

"पास्कल, हे काय?"

"साहेब, मी सोता कपडा फिरवलाय. धागा कुठे अडला नाय."

"मग ही रेघ आली कुठून?"

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, एक नवा पाइप घ्या. आधी मी कपडा फिरवतो. मग तुमचा रोबोट घाला. मग परत कपडा फिरवू. पाव तास लागंल."

पाव तास. मला तो सहज देता आला असता. पण बाहेर टेम्पो उभा होता, कस्टमरचे फोन येत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रोसिजरवर कोणी शंका घेतलेली मला खपली नाही.

"काका, रोबोट खोटं कशाला बोलेल?"

"मग मी बोलतो का?"

मी रजिस्टर उघडलं. त्यांनी खिशातून शिक्का काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, सात नंबर परत घेतला. त्यांना पॅकिंगला पाठवलं. आठ दिवस त्यांनी खोकी बांधली. नवव्या दिवशी आलेच नाहीत, पुतण्याच्या हाती राजीनामा पाठवला.

दीड महिन्याने नवा लॉट आला. त्यावर दुसऱ्या इन्स्पेक्टरचा शिक्का. आणि आत तीच रेघ.

मी एक कोरा पाइप घेतला, काकांच्या जुन्या टेबलातला कपडा घेतला आणि ओढला. लोण्यासारखा सरकला. मग रोबोट आत सोडला आणि जातानाचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं. जाताना पाइप स्वच्छ. येताना रेघ. परत कपडा ओढला, तर मधेच अडला. रोबोट उलटा केला. मागच्या चाकाच्या रबरात लोखंडाची एक चीप रुतली होती, मोहरीएवढीही नाही. रोबोट जाताना ओरखडा पाडत होता आणि येताना त्याचाच व्हिडिओ काढत होता. सगळ्याला मिळून पाव तासही लागला नाही.

चाक दहा मिनिटांत बदललं.

दुसऱ्या दिवशी शिक्का पर्समध्ये टाकून उमेळ्याला गेले. काका मागच्या वाडीत केळीची सुकलेली पानं काढत होते. कुंपणापलीकडे नव्या बिल्डिंगचा स्लॅब टाकत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं.

"चाकात चीप होती व्हय," ते म्हणाले. "आनि ते अकरा पाइप?"

"भंगारात गेले, काका." खरं तर रोबोटने रेघ मारल्यावर ते भंगारच होते.

त्यांनी हातातलं पान ढिगावर टाकलं. "माझ्या हातातून गेले तवा चांगले होते."

"हो. चांगले होते."

मी शिक्का पुढे केला. त्यांनी तो घेतला, उलटा करून आकडा बघितला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"आता नको, मॅडम. आता मी शिक्का मारला, तरी तुम्ही मागून एकदा बघाल. आनि मीपन परत एकदा बघीन. चा टाकायला सांगू का?"

चहा घेतला.

प्रोसिजर मी बदलली. आधी कपडा, मग रोबोट, चाकं तपासून, आणि रेकॉर्डिंग जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही. परवा कस्टमरचा ऑडिटर आला होता. त्याला हा बदल फार आवडला.

"कोणाची आयडिया?" त्याने विचारलं.

"आमच्या एका सीनिअर इन्स्पेक्टरची."

"अरे वा. बोलवा ना त्यांना."

ते आता इथे नसतात, असं मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. आमच्या धंद्यात परत घेतलेला नंबर दुसऱ्याला देत नाहीत, त्यामुळे सात नंबर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन मशीन घेणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला: माणसाकडे बोट दाखवण्याआधी मशीन उलटं करून बघा. पाव तास लागतो.