छापून आलेले कंद

जुन्नरला डी.एड. करत असताना आमच्या बोरी बुद्रुकची एस.टी. मिळायला रोज दीड तास थांबावं लागायचं. तो वेळ मी वाचनालयात काढायचे. तिथले ग्रंथपाल वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनवायचे, त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की ते आधी कागद चाचपून बघत. आम्ही सगळ्या मुली त्यांना चाचा म्हणायचो.

कादंबऱ्या संपल्या तेव्हा चाचांनी मला तीन जाडजूड पुस्तकं काढून दिली. एका परदेशी भटक्या लेखकाची होती, मराठीत आणलेली. हा माणूस होडीतून मोठमोठ्या नद्यांच्या उगमापर्यंत जायचा, बारमाही पावसाच्या जंगलांत महिनोन्‌महिने राहायचा आणि तिथल्या मूळच्या लोकांबद्दल लिहायचा. ते काय खातात, घरं कशी बांधतात, मेलेल्या माणसाला कसं पोचवतात, सगळं.

"बेटी, ही कोणी नेत नाही," चाचा म्हणाले. "तू ने. घाई करू नको."

मी ती पुस्तकं किती वेळा नेली याची मोजदाद नाही. आमची कुकडी उन्हाळ्यात घोट्याएवढी व्हायची, आणि या माणसाच्या नदीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. असं काहीतरी आपणही लिहावं असं मला तेव्हापासून वाटायला लागलं. कोणाला बोलले मात्र नाही.

पहिली नेमणूक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला मिळाली, डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या एका वाडीत. घोडेगावहून एस.टी., मग लाँच, मग तासभर चढ. वस्ती सगळी महादेव कोळ्यांची. जुनी शेतं पाण्याखाली गेल्यावर ते वर सरकले होते. आईनं निघताना डोळ्यांत पाणी आणलं. मला मात्र पिशवीत वाचनालयाची दोन पुस्तकं असल्यामुळे मोहिमेवर निघाल्यासारखं वाटत होतं.

मी ज्यांच्या घरी राहिले त्या बाईंना मी मावशी म्हणायचे. पन्नाशीच्या, विधवा, बारीक चणीच्या, पायानं भलत्या जलद. घरात त्या आणि लग्नाला आलेली एक मुलगी. भातशेती थोडी, बाकी हिरड्यावर चालायचं. झाडावरून हिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा आणि विकायचा.

पावसाळ्यात तिथं आठ-आठ दिवस उघडीप नसते. शाळेत पोरं येत नसत, मग मी ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि मावशी नाचणी निवडता निवडता ऐकायच्या. लेखक तापानं फणफणला आणि एका म्हातारीनं त्याला पाला वाटून दिला, असा एक प्रसंग होता.

"कंचा पाला?" मावशींनी विचारलं.

"ते नाही लिहिलं."

"आन त्या म्हातारीचं नाव?"

"तेही नाही."

"जीव वाचिवला न्‌ नाव बी न्हाई इचारलं?" एवढं बोलून त्यांनी पुन्हा सुपात लक्ष घातलं.

पुढे एका ठिकाणी तिथले लोक कसलंसं फळ ठेचून डोहात टाकतात आणि मासे गुंगून वर येतात, असं आलं. मावशी हसल्या. "आमी गेळा टाकतो की! त्यांच्यातबी गेळा हाय व्हय?"

त्या दिवशी मी वही काढली. जे दिसेल, कानावर पडेल ते लिहायला लागले. खेकडे कसे धरतात, कुडाला कशाचा गिलावा देतात, कडूकंद कसे शिजवतात. मावशी सगळं सांगायच्या. त्यांना वाटायचं बाई शाळेसाठी लिहितायत. मीही त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

वर्षभरानं त्या वहीतून एक लेख केला आणि पुण्याच्या एका मासिकाला पाठवला. छापून आला. अंक पोस्टानं आला तेव्हा मी तो तीनदा उघडून आपलं नाव बघितलं. मावशींना दाखवला, पण वाचून दाखवला नाही. का नाही, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

मावशींच्या मुलीचं त्याच सुमारास पलीकडच्या खोऱ्यातल्या वाडीत जमत आलं होतं. मुलाचा चुलतभाऊ घोडेगावला कॉलेजात होता. तिथल्या लायब्ररीत तो अंक त्याच्या हाती पडला. त्यानं वाडीचं नाव ओळखलं आणि लेख घरी नेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. चार दिवसांनी निरोप आला, तुमच्या घरी राहणाऱ्या बाईंनी आपल्या लोकांबद्दल काय छापलंय ते आधी कळू द्या, पुढची बैठक जरा थांबवा.

मावशी शाळेच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"बाई, तुमी काय छापलंय?"

मी अंक काढून वाचायला लागले आणि एका वाक्यापाशी थांबले. "उपासमारीच्या दिवसांत हे साधेभोळे लोक कंद उकडून पोट भरतात," असं वाक्य होतं. माझंच. मोठ्यानं वाचताना ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं.

मावशींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या घरात तुमी उपाशी कवा ऱ्हायल्या?"

एकदाही राहिले नव्हते.

मला आमच्या गावातली एक गोष्ट आठवली. बोरीला नदीकाठी फार पूर्वीच्या ज्वालामुखीची राख सापडते, ती बघायला बाहेरून शिकलेले लोक यायचे. एकदा त्यातल्या एकानं धुणं धुणाऱ्या माझ्या आईचा न विचारता फोटो काढला. आई आठवडाभर धुसफुसत होती. पदर तरी नीट घेतला असता, म्हणायची. मला तेव्हा तिचंच हसू आलं होतं.

रविवारी मी मावशींबरोबर डोंगर ओलांडून त्या वाडीत गेले. मुलगी आली नाही. तिनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मुलाचे वडील ओटीवर होते, शेजारी त्यांचे थोरले भाऊ आणि दोन-तीन माणसं. अंक घडी घालून देवळीत ठेवलेला. पाणी दिलं, चहा दिला. मग वडील म्हणाले, "बाई, पोरानं वाचलं त्ये आमी ऐकलं. आता तुमीच वाचा. लिव्हणाऱ्याच्या तोंडून ऐकू द्या."

मी वाचायला लागले. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते समोर बसलेले. त्या वाक्याशी आले तसे थोरले भाऊ म्हणाले, "उपासमार कवा झाली? कंद आमी आवडीनं खातो. पावसात त्याच्यासारखं दुसरं काय न्हाई."

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "मला कोणी सांगितलं नव्हतं तसं. मीच मनानं घातलं."

"मग वाचा फुडं."

पुढे कंद शिजवायची रीत होती. काप करून उकडावेत आणि मीठ लावून खावेत, असं मी लिहिलं होतं. मावशी इतका वेळ खाली बघत होत्या, त्या ताडकन म्हणाल्या, "आसं लिव्हलंय? एकदाच उकडून? आवं, त्यो कडूकंद! राखंत उकडायचा, मग रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, पुन्यांदा उकडायचा. ह्ये वाचून पुन्यातल्या कुनी खाल्ला तर जाईल की त्यो!"

"दोनदा न्हाई, तीनदा उकडायचा," आतून मुलाची आई म्हणाली.

"दोनदा पुरं व्हतंय. पानी वाहतं पायजे."

"आमच्यात तीनदा."

मुलाची आई बाहेरच आली. दोघी बायका राख किती आणि पाणी किती यावर हमरीतुमरीवर आल्या. पुरुष हसायला लागले. थोरले भाऊ म्हणाले, "आता ह्येच्यावरनं तरी सोयरीक करा. दोनदा का तीनदा त्ये पोरगी आल्यावर ठरवा."

सगळं हसण्यावारी गेलं असं नाही. निघताना मुलाच्या वडिलांनी अंक माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "खातो त्याची लाज न्हाई, बाई. पन आमाला इचारलं आसतं तर बरं झालं आसतं."

मी मासिकाला पत्र लिहिलं. उपासमार ही माझी कल्पना होती आणि कंदाची कृती अपुरी व घातक आहे, असं स्पष्ट लिहिलं. वाचकांच्या पत्रांत चार ओळी आल्या. लग्न त्याच वैशाखात झालं. मुलगी माझ्याशी बोलली ती हळदीच्या दिवशी, तेही "बाई, पानी भरू लागा" एवढंच. मी भरू लागले.

त्यानंतर वही मी मावशींच्या समोर बसूनच लिहिली. लिहिलेलं वाचून दाखवायचं, त्यांनी मान हलवली तर ठेवायचं. वहीतली देवराईबद्दलची पानं त्यांनी सगळी काढायला लावली. "तिथलं तिथंच ऱ्हाऊ द्या." तापावरच्या एका पाल्याचं नाव सांगितलं, पण तो कुठे उगवतो ते सांगितलं नाही. ज्यानं ज्यानं काही सांगितलं त्याचं नाव पानाखाली घालायचं हीही अट त्यांचीच. कामाला तीन पावसाळे गेले. पुस्तक झालं नाही. प्रकाशक म्हणाले, यात प्रवास नाही. खरंच नव्हता.

त्या परदेशी लेखकाची पुस्तकं मला अजूनही आवडतात. त्यानं लिहिलेल्यातलं काय खरं आणि काय त्यानं मनानं घातलं, ते मला सांगता यायचं नाही. मी त्या नद्यांवर गेलेले नाही. पण आता वाचताना त्यातल्या म्हाताऱ्या बायकांपाशी मी थांबते. एवढा फरक पडलाय.

दोन हजार सालानंतर माझी बदली राजुरीला झाली. वही मी वाडीच्या शाळेत ठेवून आले. मावशींची मुलगी सासरच्या वाडीत अंगणवाडी सेविका झाली होती, तिनं ती मागून नेली. पुढच्या दिवाळीत गेले तेव्हा तिनं वही समोर ठेवली. मागे सात-आठ पानं वाढली होती. अक्षर तिचं, खाली सासूचं नाव. कंदाच्या पानावर माझी "दोनदा उकडायचा" ही ओळ खोडून तिनं लिहिलं होतं, "तीनदा."