सभेच्या दारातली रांगोळी

सुमनताई कुणाला पहिल्यांदा भेटल्या की नाव विचारायच्या नाहीत, त्याच्या चेहऱ्याचा रंग मोजायच्या. आम्ही नेरूळला राहायला आलो त्या दिवशी माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "गेरू तीन मुठी, हलद एक, काला चिमूटभर." मी चाटच पडले! मग कळलं, तळमजल्यावरच्या या बाई लग्नाकार्यात रांगोळीने हुबेहूब चेहरे काढतात.

माहेर इथल्याच करावे गावचं, बोली आगरी, जीभ तिखटजाळ. आमचे चेअरमन गोरेपान आणि त्यांना त्याचा भारी तोरा. त्यांना एकदा तोंडावर म्हणाल्या, "सायेब, तुमच्यात पन काला घालावा लागतो. नाय तं नाकच दिसत नाय!"

तिसऱ्या मजल्यावर ग्रेस भाड्याने राहायला आली. केनियाची, इथे कॉलेजात शिकणारी. सुमनताई तर हरखूनच गेल्या. "काला दोन मुठी, गेरू एक! असा चेहरा मना कवाच गावला नव्हता!" बाकी सोसायटीला मात्र टेन्शन. "हे लोक कसे असतात माहीत आहे ना?" कसे, ते कुणालाच माहीत नव्हतं. सात महिने नुसती कुजबुज चालली, मग आफ्रिकन भाडेकरू नकोत, हिला आठ दिवसांत काढा, असा अर्ज फिरला. पोरीची परीक्षा तोंडावर आलेली. खरं सांगते, मीही सही केली. सगळे करतात म्हणून केली, आणि त्याची अजून लाज वाटते.

सुमनताईंनी सही न करता अर्ज परत पाठवला. त्यावर रविवारी दहाला सभा होती. त्यांनी ग्रेसला विचारून घेतलं आणि उजाडताच रंगांच्या पिशव्या घेऊन सोसायटी ऑफिसच्या दारात बसल्या.

दहाला आम्ही गेलो आणि जागीच थबकलो. दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ग्रेस! तुकतुकीत काळे गाल, हसू दाबून धरलेले ओठ. इतका देखणा चेहरा रोज आमच्या जिन्यातून ये-जा करत होता आणि मी कधी धड पाहिलाच नव्हता! आत जायचं तर तिच्या तोंडावर पाय पडणार, आणि रांगोळीवर पाय कोण देणार?

"पुसून टाका ती!" चेअरमन कडाडले. कुणी हललं नाही.

"तुमी पाय द्या, मंग मी पुसते," सुमनताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "नाय तं हितंच बोला. तिच्याकं बघून सांगा, का काढायची तिला?"

चेअरमननी खाली पाहिलं. "पाण्याचा प्रॉब्लेम आहे..." असं काहीतरी पुटपुटले.

"येकटी पोर, पिऊन पिऊन किती पानी पिनार वो?"

असा हशा पिकला म्हणून सांगू! मी पुढे झाले, सेक्रेटरींच्या हातातून अर्ज घेतला आणि माझं नाव खोडलं. शेजारच्यांनी पेन मागितलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. बघता बघता अर्जावर एकट्या चेअरमनची सही उरली. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि सभा दारातच मोडली. आम्ही टाळ्यांचा नुसता कडकडाट केला!

संध्याकाळी सुमनताई झाडू घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला. "अहो ताई, दोन दिवस तरी राहू द्या ना!"

"रांगोली पुसायचीच असते गो. येवढी आवडली? मंग तिसऱ्या मजल्यावर खरी हाय ना. सात महिने झाले, चहाला बोलावलंस कदी?"

त्यांनी झाडू फिरवला. मी जिना चढले आणि पहिल्यांदाच ग्रेसची बेल वाजवली.